स्लॅगचा उजेड

आमच्या क्वार्टरच्या गच्चीवरून रात्री आकाश पेटलेलं दिसायचं. भिलाईत वाढलेल्या माणसाला याचं कारण सांगावं लागत नाही. ब्लास्ट फर्नेसमध्ये लोखंडाबरोबर वितळलेला स्लॅगही, म्हणजे धातुमळीही, निघतो. तो लॅडलमध्ये भरून रुळांवरून डम्पवर नेत आणि ओतत. मग आकाशाची एक कड नारिंगी व्हायची, ढग असले तर तेही खालून उजळायचे. दोन-तीन मिनिटांत पुन्हा काळोख.

बाबा १९७४ साली नागपूरहून इथल्या पोलाद कारखान्यात फर्नेसवर कामाला आले. पहिली फर्नेस ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राजेंद्रप्रसादांच्या हस्ते सुरू झाली, हे आम्हाला शाळेत शिकवलं होतं. पण बाबा उभे राहत ती जागा मी कधीच पाहिली नाही. प्लांटच्या आत कॅमेरा नेता येत नसे. आमच्या अल्बममध्ये मैत्रीबागेतले पांढरे वाघ आहेत, सेक्टरातला गणपती आहे, नागपूरच्या लग्नांचे तर ढीग आहेत. पस्तीस वर्षांच्या नोकरीचा मात्र एकही फोटो नाही. आमच्या टाऊनशिपमधल्या बहुतेक घरांची हीच गोष्ट असेल, आणि मला ती फार लागते. ज्या कामावर आम्ही सगळे वाढलो, तेच डोळ्यांआड राहिलं.

२००३ मध्ये बोनसच्या पैशातून बाबांनी डिजिटल कॅमेरा घेतला. ३.२ मेगापिक्सेलचा, चार पेन्सिल सेलवर चालणारा. सोबत १६ एमबीचं कार्ड आलं होतं, त्यात जेमतेम पंधरा फोटो मावत. छत्तीसच्या रोलची सवय असलेल्या आम्हाला ते फार थोडे वाटले. पण रोल धुवून यायला आठवडा लागायचा आणि हे फोटो त्याच रात्री बघायला मिळायचे.

तो सोहळाच असे. सीडीवरून ड्रायव्हर घालून झाला होता. बाबा केबल जोडत आणि आम्ही श्वास धरून बघत बसायचो. पडद्यावर एका फोल्डरातून दुसऱ्या फोल्डरात कागद उडत जायचे. ते थांबेपर्यंत आई स्वयंपाकघरातून दोनदा विचारायची, "आले का गं?" शेजारच्या मल्याळी काकू कधी पदराला हात पुसत येऊन उभ्या राहायच्या. पहिला फोटो उघडला की त्याचा एक कोपराच दिसे. फोटो २०४८ बाय १५३६ ठिपक्यांचा आणि आमचा मॉनिटर १०२४ बाय ७६८चा, म्हणजे एका फोटोला तसे चार पडदे लागले असते. बाबा माउसने फोटो सरकवत, आणि आम्ही एकाच चेहऱ्याच्या कपाळापासून हनुवटीपर्यंत प्रवास करायचो. इतक्या सावकाश मी माझ्या माणसांकडे नंतर कधी पाहिलेलं नाही.

पुढे वाचनात आलं, की १९७५ मध्ये कोडॅकच्या स्टीव्हन सॅसन यांनी पहिला डिजिटल कॅमेरा जुळवला तेव्हाही असंच होतं. शंभर बाय शंभर ठिपक्यांचं एक चित्र कॅसेटवर उतरायला २३ सेकंद लागत आणि ते बघायला वेगळं यंत्र टीव्हीला जोडावं लागे. फोटो काढायचा एका जागी आणि बघायचा दुसऱ्या जागी, मधे थोडी वाट. त्या वाटेवरच घर गोळा व्हायचं. आता काढल्याबरोबर फोनवर दिसतो आणि ज्याने काढला तो एकटाच बघतो.

भावाच्या वाढदिवसाच्या रात्री कार्डात केकचे आणि पोरांचे फोटो झाले होते. जेवणं आटोपली आणि बाबा कॅमेरा घेऊन गच्चीवर गेले. मी टॉर्च घेऊन मागे. डम्पच्या बाजूला उजेड चढला, तसा त्यांनी कॅमेरा कठड्यावर ठेवला, टायमर लावला आणि हात मागे घेतला. कॅमेऱ्याच्या इवल्या पडद्यावर आकाश सुंदर दिसलं. खाली कॉम्प्युटरवर उघडलं तर सगळा काळोख, त्यात मळकट तांबूस डाग आणि दाणेच दाणे. आई म्हणाली, "काढून टाका, जागा खातात." बाबांनी काढले नाहीत. काही बोललेही नाहीत.

ते फोटो सीडीवर गेले, सीडीवरून माझ्या हार्ड डिस्कवर, आणि गेल्या दिवाळीत पुण्यात ते माझ्या हाती लागले. आता बराचसा स्लॅग पाण्याच्या झोताने दाणेदार करून सिमेंटला देतात. तसं पेटणारं आकाश आता सहसा दिसत नाही. मी फोटोंचा काळोख थोडा वर ओढला. कठडा दिसला, पाण्याची टाकी, आईची वाळत घातलेली साडी, आणि तिच्यामागे तो उजेड. नारिंगीच होता. वीस वर्षं फायलीत होताच, आमच्या मॉनिटरला तो दाखवता येत नव्हता.

बाबा आता पंचाहत्तरीचे आहेत. चष्मा वर करून ते पडद्याशी वाकले. चित्राआधी त्यांनी वेळ विचारली. कॅमेऱ्याचं घड्याळ त्यांनी रेडिओच्या बातम्यांवर लावलेलं, त्यामुळे फायलीतली वेळ भरवशाची. नऊ एक्केचाळीस, मग त्रेचाळीस, मग सेहेचाळीस.

"कोक ओव्हन नाही हा," ते म्हणाले. "कोक ढकलतात तेव्हा भपकन येतो आणि जातो. हा स्लॅगच. उजेड डावीकडे सरकतोय बघ. पहिला लॅडल रिकामा झाला, मग शेजारचा." बोट पडद्यावरून फिरत होतं. फर्नेसपासून डम्पपर्यंतचा रूळ, लॅडल कलंडवणारे हात, वर धरलेली साय फुटली की आतून येणारा पांढरट उजेड, हे सगळं त्यांनी मला त्या दाणेदार डागांतून दाखवलं. सहा फोटो, सहा लॅडल.

"पुढचा लाव."

पुढचा नव्हता. कार्ड तिथेच भरलं होतं.

"सातवा ओतला होता," बाबा म्हणाले.