कुलूप लावलेली घरं

परवा रात्री भाचीचा फोन आला. राहुरीला कृषी विद्यापीठात एम.एस्सी. करतेय ती, विस्तार शिक्षणात. पाणलोटाच्या कामाचा गावावर काय परिणाम झाला, असा काहीसा विषय मिळालाय तिला. म्हणाली, "मावशी, तुझी जुनी प्रश्नावली आहे का गं? नुसती बघायला हवीय."

आहे ना! माळ्यावरच्या ट्रंकेतून काढली, धूळ झटकली आणि तासभर वाचतच बसले. तिला पाठवण्याआधी हे लिहून टाकावंसं वाटलं. घरातही मी हे कुणाला नीट सांगितलेलं नाही.

गोष्ट २००४ ची. मी पुण्यात समाजशास्त्रात एम.ए. करत होते. प्रबंधासाठी संगमनेर तालुक्यातलं, पठारावरचं एक गाव घेतलं होतं. नाव मुद्दाम देत नाही. आत्याचं घर संगमनेरला, त्यामुळे राहायची-जेवायची सोय होती. सकाळी आत्या डबा द्यायची आणि मी एसटीने वर जायचे.

आमचा नगर जिल्हा (२०२४ पासून अहिल्यानगर, तोंडात अजून नगरच येतं) म्हणजे क्षेत्रफळाने राज्यात सगळ्यात मोठा. पश्चिमेला अकोल्याच्या घाटमाथ्यावर हजारो मिलिमीटर पाऊस, भाताची खाचरं. तिथून पूर्वेला उतरलं की पर्जन्यछाया. वर्षाला ५०० मिलिमीटर पडला तरी लोक खूश! म्हणून तर १९७५ नंतर राळेगणसिद्धी, १९८९ नंतर हिवरे बाजार आणि नव्वदीत पठारावरची कितीतरी गावं पाण्याच्या कामाला लागली. पाठोपाठ आमच्यासारखे अभ्यासकही आले. इथल्या शिवारात पाण्याइतकेच संशोधकही मुरलेत, असं आत्याचे यजमान म्हणायचे.

पाणलोटाचं काम माथ्याकडून पायथ्याकडे होतं. डोंगरावर समतल चर खणायचे, झाडं लावायची आणि गवत वाढू द्यायचं. त्यासाठी चराईबंदी. गवताने माती धरली की पाणी मुरतं आणि खालच्या विहिरींना उतरतं. हे खरंच घडतं. हिवरे बाजारने चराईबंदी, कुऱ्हाडबंदी पाळली, शेतीसाठी बोअर घ्यायला आणि ऊस लावायला मनाई केली, दरवर्षी पाण्याचा ताळेबंद मांडला. म्हणून ते गाव उभं राहिलं. तेव्हा चराईबंदी वाईट, असं मला अजिबात म्हणायचं नाही.

तर माझी पाहणी. ग्रामपंचायतीच्या यादीतून दर पाचवं घर, अशी ६० कुटुंबं निवडली. महिना जानेवारी. हवा छान, विहिरींना पाणी, लोकांना वेळ. ६० पैकी ९ घरांना कुलूप. शेजारी सांगायचे, "धनगराचं घर हाय. मेंढरं घेऊन कोकणात गेल्यात, जेठात येतील." दिवाळीनंतर घाट उतरायचा, भाताच्या रिकाम्या खाचरांत खतासाठी मेंढरं बसवायची आणि पावसाच्या तोंडावर परत यायचं, असं त्यांचं वर्षाचं चक्र.

मी काय केलं? कुलूप दिसलं की पुढचं घर घेतलं. नमुना निवडताना अशी बदली चालते. वहीत 'घर बंद' एवढंही लिहिलं नाही. चराईबंदी योग्य वाटते का, या प्रश्नाला जवळजवळ सगळ्यांनी 'हो' म्हटलं. मी निष्कर्ष लिहिला : चराईबंदीला ग्रामस्थांचा व्यापक पाठिंबा. फर्स्ट क्लास मिळाला. आईने पेढे वाटले.

जूनमध्ये प्रबंधाची एक प्रत गावाला द्यायला गेले. जानेवारीत कुलूप पाहिलेल्या एका घरापुढे आता मेंढरं, घोडं, कोंबड्या, दोन कुत्री. ओट्यावर एक आजी बसलेल्या. त्यांनी हाक मारली, "काय गं पोरी, तू घरं लिहून नेली म्हणं. आमचं लिवलं का?"

मी म्हटलं, "आजी, तुम्ही नव्हता तेव्हा."

"नसायचोच की. मग डोंगर कधी मोकळा व्हायचा, ते तरी सांग."

त्यांना वाटलं, मी सरकारची माणूस. मी नाही म्हणून सांगितलं, तरी त्या बोलत राहिल्या. पूर्वी कोकणातून परतलं की दिवाळीपर्यंत डोंगरावरच जनावरं चरायची. आता डोंगर बंद. गवत कापून न्यायला परवानगी होती, पण ते ज्यांच्या विहिरी आणि जर्सी गाई, त्यांच्या कामाचं. दावणीला बांधून गाय पोसता येते, शंभर मेंढरं कशी पोसणार? तिसरा हिस्सा कळप त्यांनी विकला होता. बंदीचं ठरलं ती ग्रामसभा त्यांचा वाडा कोकणात असताना झाली होती. आणि तरी म्हणाल्या, "डोंगर हिरवा झाला ते बरंच झालं की."

मला उत्तर देता आलं नाही. चहा प्यायले आणि एसटी पकडली. प्रबंध जमा झालेला होता. एक पुरवणी जोडता आली असती, सरपंचांना सांगता आलं असतं. यातलं काहीच मी केलं नाही.

रॉबर्ट चेंबर्सचं १९८३ चं पुस्तक नंतर हाती आलं. अभ्यासक रस्त्यालगत जातात, सोयीच्या ऋतूत जातात आणि जे हजर असतील त्यांनाच भेटतात, असं त्यात सविस्तर मांडलंय. वाचताना कान लाल झाले. याच जिल्ह्यात गोखले संस्थेचे धनंजयराव गाडगीळही आले होते. पाहण्या करणारा हा अर्थशास्त्रज्ञ १९५० मध्ये सुरू झालेल्या प्रवरेच्या सहकारी साखर कारखान्याचा पहिला अध्यक्ष झाला आणि बरीच वर्षं त्या कामात राहिला. तेवढं सगळ्यांना जमत नाही. पण एकदा परत जाणं तरी जमतं.

तर भाचीबाई, प्रश्नावली पाठवतेय. तुम्ही आता टॅबवर भराल, छानच. पण गावात दोनदा जा. एकदा मार्गशीर्षात आणि एकदा आषाढात. कुलूप दिसलं तर ते लिही आणि कुठे गेलेत तेही. 'गावाचा पाठिंबा' लिहिण्याआधी ग्रामसभा कुठल्या महिन्यात झाली, ते विचार. आणि चौंडीच्या धनगराच्या लेकीचं, अहिल्यादेवींचं नाव आता आपल्या जिल्ह्याला आहे. निदान त्या नावाला स्मरून तरी धनगरवाड्यावर चक्कर मार.

त्या आजी आता नसतील बहुधा. डोंगर मोकळा झाला की नाही, हे मी आजवर विचारायला गेलेले नाही. तुझ्याबरोबर येईन म्हणते, आषाढात.

असो. डबा मी करेन.