शॅल, विल आणि ‘मी येईल’

माझी लॅब पार्टनर परभणीची. फर्स्ट इयरला मी आजारी पडले तेव्हा ती म्हणाली, “टेन्शन नको घेऊ, उद्या तुझं जर्नल पण मीच आणेल.” मी थँक्यू म्हणायच्या आधी तिला दुरुस्त केलं. “आणेल नाही गं, आणेन. मी आणेन, तो आणेल.” ती हसून “बरं” म्हणाली. दुसऱ्या दिवशी जर्नल घेऊन आली आणि म्हणाली, “घेऊन येईल म्हणलं होतं ना?” मी परत दुरुस्त केलं. (पुणेकर आहे मी. आमच्याकडे या सेवेची फी घेत नाहीत.)

हे दोन वर्षं चाललं. मग थर्ड इयरला कॅम्पसचं वारं सुटलं आणि आमचा करार झाला. तिनं मला थर्मो शिकवायचं, मी तिला इंग्लिश. मी केजीपासून कॉन्व्हेंटमध्ये, त्यामुळे हा सौदा मला फारच स्वस्तात पडला असं वाटत होतं.

पहिलाच प्रश्न मी एचआरच्या आवाजात विचारला, पाच वर्षांनी स्वतःला कुठे बघता? ती ताठ बसून म्हणाली, “आय शॅल बी वर्किंग...” मला हसूच आवरेना. “शॅल कोण म्हणतं आता? राणी व्हिक्टोरिया?”

ती हसली नाही. तिनं सॅकमधून ब्राऊन पेपरचं कव्हर घातलेलं रेन अँड मार्टिन काढलं. अप्पा बळवंत चौकातून सेकंडहँड घेतलेलं. त्यात नियम स्वच्छ होता. साधा भविष्यकाळ असेल तर आय आणि वी ला शॅल, बाकी सगळ्यांना विल. वचन, हुकूम किंवा हट्ट असेल तर बरोबर उलटं. बुडणारा माणूस घाबरून “आय विल ड्राउन, नोबडी शॅल सेव्ह मी” असं ओरडतो आणि याला मरायचंच आहे असं समजून काठावरचे लोक गप्प उभे राहतात, हा जुना जोक याच नियमावरचा. मला तो तिनं समजावून सांगितला. मला! आमच्या सिस्टर शॅलवर लाल पेनने काही करायच्या एवढंच आठवत होतं, नियम कधी कळलाच नव्हता. मी कानाने बोलत आले.

“मग आय विल बरोबर कसं?” तिनं विचारलं.

“सगळेच तसं म्हणतात.”

“आमच्याकडे पण सगळेच मी येईल म्हणतात.”

यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं, म्हणून मी लायब्ररी गाठली. हा शॅल-विलचा नियम मांडणारा माणूस निघाला जॉन वॉलिस. इन्फिनिटीचं आडव्या आठसारखं चिन्ह आणणारा, आपल्या एम-वनवाला! त्यानं १६५३ मध्ये इंग्लिशचं व्याकरण लिहिलं, तेही लॅटिनमध्ये. आमचा रेन मुंबई इलाख्यात शिक्षण खात्यात होता आणि १९२४ ची ‘बो जेस्ट’ कादंबरीही त्याचीच. आणखी गंमत म्हणजे इंग्लिशला भविष्यकाळच नाही असं हडलस्टन आणि पुलम यांचं २००२ चं जाडजूड व्याकरण म्हणतं. वॉक, वॉक्ड, संपलं. पुढच्यासाठी उसनवारी. विल म्हणजे मुळात इच्छा, शॅल म्हणजे देणं लागणं. आपल्याकडे मात्र धातूलाच ईन, शील, ईल लागतात. (तरी निघताना आपण ‘येते’ म्हणतो आणि हाक आली की न जाताच ‘आलेच’ म्हणतो, ते सोडा.)

म्हणजे पहिल्या पुरुषाचं वेगळं रूप इंग्लिशमध्ये पुसलं गेलं, मराठीत पुसलं जातंय. एकाला मी मॉडर्न म्हणत होते, दुसऱ्याला अशुद्ध.

घरी आजीला हे सांगितलं तर ती म्हणाली, “पण आणेन कुठलं? आणीन!” सकर्मक धातूला ई, अकर्मकाला ए. करीन, आणीन, पण बसेन, पडेन. थोडक्यात, दोन वर्षं मी एका चुकीच्या जागी दुसरी चूक बसवत होते. हे मी तिला लगेच सांगितलं नाही. खोटं कशाला बोलू, लाज वाटली.

पुढच्या रविवारी परत तोच प्रश्न. म्हटलं, आधी मराठीत खरं उत्तर सांग, मग इंग्लिश करू. ती म्हणाली, “पाच वर्षांनी मी परभणीला असेल. पप्पांचं मोटार रिवाइंडिंगचं दुकान...”

“असेन,” मी म्हटलं.

तोंडातून निघूनच गेलं. ती थांबली. मग शांतपणे म्हणाली, “तुझ्याशी बोलायच्या आधी मी प्रत्येक वाक्य मनात एकदा म्हणून बघते. माहितीये का तुला?”

मला माहीत नव्हतं. दोन वर्षं शेजारच्या स्टुलावर बसून माहीत नव्हतं. त्या दिवशी मी ‘आणीन’ची गोष्ट सांगून टाकली. ती इतकी हसली की लायब्ररीवाल्या काकांनी दोघींना बाहेर काढलं.

मग कँटीनमध्ये तिनं उरलेलं वाक्य पूर्ण केलं. शेतकरी जळालेला पंप घेऊन येतात, वायंडिंग करून नेतात, सहा महिन्यांनी तोच पंप पुन्हा जळतो. व्होल्टेज पडतं, कुणी मोजत नाही. तिला ते मोजायचं आहे, तिथेच बसून. हे सांगताना तिनं ‘करेल’ किती वेळा म्हटलं ते मी मोजलं नाही.

आता हे एचआरला सांगायचं की पाच वर्षं कंपनीतच राहीन असं ठोकून द्यायचं, यावर आमचं अजून एकमत झालेलं नाही. इंटरव्ह्यू पुढच्या महिन्यात आहे.