डोंगरी की मुंब्रा?

डोंगरीतली आमची पागडीची खोली. मस्जिद बंदरचं दुकान चालत दहा मिनिटांवर. दुपारी जेवायला घरी येतो, मगरिबलाही घरीच असतो. आता बायको म्हणते, मुंब्र्याला जाऊ. तिच्या बहिणीच्या मुली तिथे ज्या शाळेत जातात तिला मैदान आहे, लॅब आहे, पुढे ज्युनियर कॉलेजही त्याच आवारात. आमची थोरली सातवीत. अभ्यासाला तिला माळा मिळतो, तोही पाहुणे नसतील तेव्हा.

१९९२-९३च्या दंगलीनंतर आमचे कितीतरी नातेवाईक भीतीपोटी मुंब्र्याला गेले. आम्ही शाळेसाठी जातोय, एवढा तरी फरक पडला म्हणायचा.

पण लोकल? ९ जून २०२५ला मुंब्र्याजवळच्याच वळणावर दारात लटकलेली माणसं गाडीतून पडली, काहींचे जीव गेले. शिवाय स्लोने जाता-येता रोजचे दोन-अडीच तास. म्हणजे धाकट्याला मी रविवारीच जागा दिसणार. चांगल्या शाळेच्या बदल्यात अब्बा जातो, हा हिशेब मला अजून जमत नाही.

परवा थोरलीला विचारलं. म्हणाली, "अब्बा, तुम्ही फजरनंतर लगेच निघत जा. तेव्हा बसायला जागा मिळते, खाला सांगत होती."

म्हणजे तिचं ठरलंय. डिपॉझिटची चौकशी सुरू केली आहे.