तिसरा उमेदवार

पोस्ट मोठी आहे. नेट-सेट झालेले, पीएचडी झालेले आणि अजून गाडीवरून दोन-दोन कॉलेजं करणारे जे मित्र आहेत, त्यांना यातलं बरंचसं पाठ आहे. त्यांनी नाही वाचली तरी चालेल. ज्यांच्या घरातलं पोरगं-पोरगी यंदा एम.ए.ला प्रवेश घेतंय, त्यांनी मात्र वाचावी. कॉलेजचं, संस्थेचं, माणसाचं नाव कुठंही लिहिलेलं नाही. अंदाज बांधत बसू नका, तो मुद्दा नाही.

गेल्या आठवड्यात तास संपल्यावर टी.वाय.ची एक मुलगी थांबली. वडील साखर कारखान्यावर सीझनला कामाला जातात. हुशार आहे, वाचते. म्हणाली, "सर, इतिहासातनं एम.ए. करून सेट देऊ का? मला तुमच्यासारखं प्राध्यापक व्हायचंय."

"उद्या सांगतो," म्हणलं. त्याला आता सहा दिवस झाले.

'तुमच्यासारखं' या शब्दाची आधी फोड करतो. मी प्राध्यापक नाही. तासिका तत्त्वावर आहे, म्हणजे सीएचबी. मुलांना ते माहीत नसतं, त्यांच्यासाठी फळ्यापुढं उभा राहील तो सर. खातवळीकडची दुष्काळी जमीन, घरातला पहिला पदवीधर. शिवाजी विद्यापीठातनं एम.ए., मग सेट, नंतर नेट, २०१७ ला पीएचडी. शिकवायला लागून चौदा वर्षं झाली. सकाळचं कॉलेज सातारा जिल्ह्यात आणि दुपारचं सांगली जिल्ह्यात. मध्ये कृष्णा. सकाळी साडेसातचा तास गाठायचा, अकराला गाडीला किक मारायची, डबा कुठंतरी झाडाखाली. एका गोष्टीचं मला हसू येतं. १९४९ पर्यंत हा सगळा एकच सातारा जिल्हा होता, मग दक्षिण सातारा वेगळा झाला आणि १९६० ला त्याचं नाव सांगली पडलं. मी रोज ती फाळणी ओलांडून जातो आणि दोन्हीकडं पाहुणाच असतो.

कामाची रीत अशी की दरवर्षी नव्यानं अर्ज, नव्यानं मुलाखत. कॉलेज जूनमध्ये सुरू होतं, आमची ऑर्डर गणपतीच्या आसपास निघते. तोवर शिकवलेलं 'सेवाभावानं'. उन्हाळ्यात नेमणूकच नाही. यूजीसीनं २०१९ मध्ये पाहुण्या अध्यापकाला तासाला १५०० रुपये आणि महिन्याला ५०,००० पर्यंत द्यावेत असं काढलं. तो कागद मी लॅमिनेट करून ठेवलाय. पहिल्या वर्षाचं माझं सगळं मानधन पुढच्या वर्षीच्या दिवाळीला एकदम जमा झालं होतं. बायको म्हणाली, "पगार नव्हं, बोनस आला म्हणायचं." ती शिवण करते. घर त्या मशीनवर चालतं. हे लिहायला लाज वाटायची, आता वाटत नाही.

आता कायम जागेचा अर्ज कसा होतो, ते बाहेरच्यांना माहीत नसतं म्हणून सांगतो.

अनुदानित कॉलेजात जागा रिकामी झाली म्हणून लगेच भरता येत नाही. शासनाची मान्यता, सहसंचालक कार्यालयाचं ना हरकत, बिंदुनामावलीची तपासणी, विद्यापीठाची जाहिरातीला मंजुरी. मग पेपरात बारीक अक्षरात जाहिरात येते, पंधरा दिवसांत अर्ज करा. त्या पंधरा दिवसांत झेरॉक्सवाला आपला जवळचा नातेवाईक होतो. दहावीपासून पीएचडीपर्यंतचे कागद, प्रत्येकावर सही, लेखांच्या प्रती, पुस्तक असेल तर तेही. फाईल किलोभर भरते. पोस्टानं एक संस्थेला आणि राखीव जागेसाठी असाल तर एक प्रत विद्यापीठाच्या मागासवर्ग कक्षाला. अशा किती फायली पाठवल्या ते मोजायचं मी साठाच्या पुढं सोडून दिलं.

फाईलला गुण असतात. २०१८ च्या यूजीसी नियमात कॉलेजसाठीचा तक्ता आहे. पदवीला जास्तीत जास्त २१, पदव्युत्तरला २५, पीएचडीला २५, जेआरएफ असेल तर १०, नुसतं नेट असेल तर ८, सेटला ५, संशोधन लेखांना ६, शिकवण्याच्या अनुभवाला वर्षाला २ असे १०, पुरस्कारांना ३. बेरीज शंभर. म्हणजे पाच वर्षं शिकवा की चौदा वर्षं, गुण दहाच. त्यातही सीएचबीचा अनुभव धरायचा का, किती धरायचा, यावर प्रत्येक टेबलावर वेगळं उत्तर. बरं, हे शंभर गुण कशासाठी? फक्त मुलाखतीला बोलवायचं की नाही हे ठरवायला. निवड कशावर? त्याच नियमात लिहिलंय, निवड फक्त मुलाखतीवर. तुमचं किलोभर आयुष्य दारापर्यंत तुम्हाला सोडतं आणि मागं फिरतं. आत आठ मिनिटं. सगळा धंदा त्या आठ मिनिटांच्या आडोशानं चालतो.

माझा एक वर्गमित्र बंगळुरूला असतो, त्याचा मेहुणा अमेरिकेत एका लहान लिबरल आर्ट्स कॉलेजात लागला. त्याच्या निवडीची गोष्ट मी दोनदा ऐकून घेतली. आधी तुम्ही कसं आणि का शिकवता यावर लेखी निवेदन मागितलं, मग बोलावून दिवसभर ठेवून घेतलं. खऱ्या वर्गात खऱ्या मुलांपुढं तास घ्यायला लावला आणि मुलांनाही मत विचारलं. तिकडंही तासावर राबणारे ढीगभर आहेत, सगळं गोड नाही. पण कमीत कमी शिकवून तरी बघतात. माझ्या एकाही मुलाखतीत खडू हातात दिलेला नाही. "गाव कुठलं? मंजे तिकडं तुमचे पाहुणे कोण?" हे मात्र चार ठिकाणी विचारलंय.

२०१८ च्या नोव्हेंबरात शासनानं ३,५८० सहाय्यक प्राध्यापकांच्या जागा भरायला परवानगी दिली, तेव्हा आम्ही कराडला चहाच्या टपरीवर पेढे वाटले होते. स्वतःचे स्वतःला. २०१९ ला जाहिराती आल्या. त्यातली पहिली मुलाखत मी मन लावून दिली. सदरा नवीन शिवला. बाहेर आम्ही चौघं बसलेलो, त्यातला एकजण शिपायाला "डबा आणलास का रे?" असं विचारत होता. तेव्हाच कळायला पाहिजे होतं. त्याची निवड झाली. मग २०२० चा मे महिना उजाडला, करोनामुळं भरतीच बंद. ३,५८० पैकी १,४९२ भरल्या होत्या, उरलेल्या २,०८८ ला २०२१ च्या नोव्हेंबरात पुन्हा मान्यता मिळाली. या दीड वर्षात माझ्या ओळखीचे तिघं ही लाईन सोडून गेले. एकानं दूध डेअरी काढली. बरं चाललंय त्याचं.

२०२२ ला मला एका माणसाचा फोन आला. तो संस्थेत कुणीच नव्हता, पण सगळं त्याला माहीत होतं. माझी फाईल चांगली आहे म्हणाला. "फाईल बेष्ट आहे सर तुमची. किती जमतंय ते बघा." मी विचारलं किती. म्हणाला, "पस्तीस. डेव्हलपमेंट फंड म्हणायचं." पुढची गोष्ट नीट ऐका, कारण इथं बरेच मित्र 'आरक्षणामुळं आपलं झालं नाही' असं लिहीत असतात. राखीव जागेच्या उमेदवाराला काय विचारतात, ते मी दोघांकडून ऐकलंय. फोन तसाच येतो, आकडाही तसाच. पैसे मागणाऱ्याला प्रवर्गाशी काही देणंघेणं नसतं.

मी अण्णांना सांगितलं. मला वाटलं शिव्या देतील. त्यांनी गोठ्याच्या दारात बसून हिशेब घातला. सहाय्यक प्राध्यापकाचा मूळ पगार सातव्या वेतन आयोगात ५७,७०० पासून सुरू होतो, भत्ते वेगळे. "चार-पाच वर्सात फिटतंय की," म्हणाले. "वरलं दीड एकर इकू. हितं तसं बी पाणी न्हाय." आई आतून म्हणाली, "माझ्या पाटल्या हायत्या." बायको काही बोलली नाही, पण रात्री कपाटातून तिची डबी बाहेर काढून ठेवलेली दिसली.

त्या डबीपाशी मी जरा थांबतो. मी इतिहास शिकवतो, मला ती डबी नुसती डबी म्हणून बघता येत नाही. याच जिल्ह्यात, कराडजवळच्या काले गावी १९१९ ला कर्मवीर भाऊराव पाटलांनी रयत शिक्षण संस्था काढली. साताऱ्याच्या वसतिगृहातल्या पोरांना जेवायला धान्य नव्हतं, तेव्हा लक्ष्मीबाईंनी अंगावरचं सोनं आणि शेवटी मंगळसूत्रसुद्धा मोडायला दिलं. प्रत्येक जयंतीला मी हे माईकवरून सांगतो, पोरी रडतात. घरातलं सोनं तेव्हाही शाळेसाठीच निघालं होतं आणि आमचंही शाळेसाठीच निघत होतं. फक्त तेव्हा ते पोरांच्या ताटात पडलं.

आता इथं मी 'मग मी ठाम नकार दिला' असं लिहिलं तर पोस्ट छान होईल. पण तसं झालं नाही. जमिनीला गिऱ्हाईक बघायला आम्हाला तीन आठवडे लागले. मी फोन केला तर तो माणूस म्हणाला, "सर, उशीर केलात. दुसरीकडनं बेचाळीस आलं." मी वाचलो ते तत्त्वानं नाही, दलाल घाईत होता म्हणून. त्या रात्री मला हायसं वाटलं का वाईट वाटलं, हे अजून ठरवता आलेलं नाही.

आणि आता खरं सांगायचं ते.

त्याच सुमारास सांगली जिल्ह्यातल्या एका कॉलेजसाठी माझ्या एका मित्राचं 'काम झालं' होतं. तो माझ्यासारखाच, अकरा वर्षं सीएचबी. सासऱ्यानं मळा विकला. एका जागेला एकटाच उमेदवार आला तर वर कोणीतरी बोट ठेवतं, म्हणून मुलाखतीला आणखी दोन-तीन चेहरे लागतात. मित्र घरी आला. "तू ये फक्त. तिसरा पाहिजे. माझ्यासाठी कर." मी गेलो. मिरज पॅसेंजरनं गेलो, तिकीट त्यानं काढलं होतं.

आत बाहेरगावचे एक तज्ज्ञ होते, वयस्कर. बाकीचे मोबाइल बघत होते. त्यांनी मला विचारलं, प्रतिसरकार नेमकं या पट्ट्यातच इतकं का टिकलं? मी थोडक्यात आटोपायला पाहिजे होतं, मी तिसरा होतो. पण हा माझा पीएचडीचा विषय. मी सांगायला लागलो. औंध संस्थानाचे तुकडे कसे विखुरलेले होते, कुंडल संस्थानात आणि शेजारची गावं इंग्रजी मुलखात, त्यामुळं पोलीस मागं लागले की हद्द कशी कामाला यायची. १९३९ ला औंधच्या राजानं स्वतःहून रयतेच्या हातात कारभार दिला होता, त्यामुळं पंचायत आणि न्यायनिवाडा लोकांना नवा नव्हता. नाना पाटलांची भाषा शेतकऱ्याची होती. वीसेक मिनिटं गेली असतील. ते गृहस्थ पुढं सरकून ऐकत होते, मध्ये दोनदा अडवून वाद घातला. आयुष्यातली सगळ्यात चांगली मुलाखत मी त्या दिवशी दिली. शेवटी ते म्हणाले, "छान." मग माझ्याकडं न बघता समोरच्या कागदाकडं बघितलं. त्या कागदावर माझंही नाव होतं, तिसरं. त्यावर नंतर त्यांनी सही केली असणार. हजेरीपटावर मीही केली होती.

मित्रानं स्टँडवर जेवायला घातलं आणि घरच्यांसाठी भडंगाचा पुडा दिला. पोरांनी तो दोन दिवसांत संपवला.

'सिस्टीम सडली' अशा पोस्टी मीही लिहिल्या आहेत, पण त्यात तो पुडा कधी आला नाही. ज्यांना पैसे जातात ते चोर आहेतच. पण खोट्या मुलाखतीला खरा माणूस लागतो, तो पुरवणारे आम्हीच. उद्या सगळ्यांनी ठरवलं की तिसरा म्हणून कुणी जायचं नाही, तर निदान खोळंबा तरी होईल. बोलून दाखवलं तर मित्र म्हणतात, "आणि तुझी वेळ आली मग?"

यंदा पुन्हा जाहिराती येणार म्हणतायत. मी फाईल लावायला घेतलीय. चौदा वर्षांच्या ऑर्डरी तारखेवार लावल्या. हसा, पण लावल्या.

त्या मुलीला मी काल हे सगळं सांगितलं, पुड्यासकट. एम.ए. कर, सेट दे, पण पहिल्या दिवसापासून स्पर्धा परीक्षा किंवा बी.एड. असं दुसरंही काहीतरी हातात धर, असं म्हणालो. आणि कुणी तिसरा म्हणून बोलावलं तर जाऊ नको. ती बराच वेळ गप्प होती. मग तिनं विचारलं, "सर, तुमच्या त्या मित्राच्या तासाला मुलं बसतात का?"

बसतात. तो फार चांगलं शिकवतो. तेही तिला सांगितलं.