गॅलनमागे ११ मैल

अमेरिकेतील आयोवा राज्यात ज्या महाविद्यालयात आम्ही अर्धवेळ शिकवतो, ते घरापासून ४० मैलांवर आहे. आठवड्यातून तीन दिवस तिथवर नेणारे आमचे वाहन म्हणजे १९९४ सालचा, तीन मालकांच्या हातांतून आलेला पिकअप ट्रक. इंजिन ४.९ लिटरचे, एका ओळीत सहा सिलिंडर, आणि कार्ब्युरेटर जाऊन फ्युएल इंजेक्शन आल्यानंतरच्या पिढीचे. गॅलनमागे १६ मैल, म्हणजे लिटरला पावणेसात किलोमीटर, ही त्याची चाल. एका डिसेंबरात ती ११ वर आली. आठवड्याला सात गॅलन पेट्रोल जास्त जाऊ लागले. तासिकांच्या मानधनात ते बसेना. पुढचे सत्र घ्यावे की नाही, अशी चर्चा घरात सुरू झाली.

एका टाकीवरून निष्कर्ष काढू नये, एवढा विवेक आम्ही राखला. तीन टाक्या मोजल्या. आधीच्या मालकाने मोठे टायर बसवले होते. चाक मोठे झाले की तेवढ्याच फेऱ्यांत अंतर जास्त कापले जाते आणि मैलमापक कमी दाखवतो. पण ते टायर १६ च्या काळातही होतेच. ब्रेक घासत असेल म्हणून प्रवासानंतर चारही चाकांना हात लावून पाहिला. उष्णता सारखी होती. एअर फिल्टर स्वच्छ, प्लग नवे.

उरला संगणक. निदानाची सामायिक पद्धत अमेरिकेत १९९६ च्या गाड्यांपासून सक्तीची झाली; त्याआधी ज्याची त्याची लिपी. आमच्या ट्रकात तारेचा एक तुकडा दोन टोकांना जोडायचा आणि इशाऱ्याच्या दिव्याची लुकलुक मोजायची. वृत्ताचे लघुगुरू मोजावेत तशी ती आम्ही कागदावर उतरवली: १, १, ६. अर्थ : शीतकाचे तापमान अपेक्षित मर्यादेत नाही.

इंजिन तर अर्धा तास चाललेले. तेव्हा तापमान सांगणारा सेन्सरच खोटे बोलतो, असे ठरवून आम्ही तो बदलला. पुन्हा तार, पुन्हा दिवा, पुन्हा ११६. मग संगणकाकडे जाणाऱ्या तारांवर संशय घेऊन एक रविवार घालवला. हस्तलिखितात अडचणीचा पाठ दिसला की लेखनिकाची चूक समजून तो बदलू नका, असे आम्हीच वर्गात बजावतो. ते त्या दिवशी आठवले नाही.

शेजारचे वृद्ध शेतकरी कुंपणापाशी येऊन उभे राहिले आणि त्यांनी एवढेच विचारले, “हीटरची हवा कशी येते?” कोमट, आम्ही म्हणालो. आयोवाच्या थंडीला दोष देऊन आम्ही महिनाभर हातमोजे घालूनच ट्रक चालवत होतो. त्यांनी गार इंजिन सुरू करायला लावले आणि रेडिएटरच्या वरच्या नळीवर आमचा हात ठेवला. थर्मोस्टॅट धड असेल तर ती नळी काही मिनिटे थंडच राहते आणि झडप उघडली की एकाएकी तापते. आमची नळी पहिल्यापासून हळूहळू कोमट होत गेली. झडप उघडीच अडकली होती. इंजिन ९० अंश सेल्सियसच्या आसपास पोहोचतच नव्हते. सेन्सर ते इमानाने कळवत होता, आणि इंजिन अजून गार आहे असे समजून संगणक हवेच्या मानाने पेट्रोल जास्त सोडत होता. पेट्रोलच्या एका भागाला वजनाने १४.७ भाग हवा, हे प्रमाण इंजिन तापल्यावरच तो धरतो.

थर्मोस्टॅटची किंमत एका टाकीच्या पेट्रोलहून कितीतरी कमी. पुढच्या तीन टाक्यांची सरासरी साडेपंधरा आली. हिवाळ्यात एवढे पुष्कळ. सत्र घेतले.

काढून टाकलेला सेन्सर एका संध्याकाळी आम्ही कढत पाण्यात धरून त्याचा विद्युतरोध मोजला. पाणी तापलेले असताना तो उतरला, निवताना चढत गेला. जसा व्हावा तसाच. तो आता ट्रकच्या खणात, कापडात गुंडाळून ठेवला आहे.