पाय टेकतात का?

गेले दोन-अडीच महिने आमच्या घरात एकच विषय चालू आहे - बाईक. जुनी दीडशे सीसीची गाडी तेरा वर्षं इमानेइतबारे चालली. शेवटी आमच्या मेकॅनिकनेच हात जोडले. म्हणाला, "साहेब, आता हिला सुखाने जाऊ द्या." मग काय, शोध सुरू.

आता आयटीतल्या माणसाने शोध सुरू केला की पहिली गोष्ट काय करतो? एक्सेल शीट. गाड्यांची नावं उभी, सीसी, बीएचपी, मायलेज, किंमत आडवी. ऑफिसात कॅन्टीनच्या टेबलावर विषय काढला तर सल्ल्यांचा पाऊस. एक म्हणतो साडेतीनशेच्या खाली बघूच नकोस. दुसरा म्हणतो मायलेज बघ, बाकी सगळी नाटकं. तिसऱ्याला टॉप स्पीडची काळजी (हिंजवडीच्या ट्रॅफिकमध्ये!). पण "तुझी उंची किती रे?" हे एकानेही विचारलं नाही.

गंमत बघा. शर्ट घेताना आपण 38 की 40 ते बघतो. बूट सातचा की आठचा, घालून, चार पावलं चालून बघतो. साधी सायकलसुद्धा वेगवेगळ्या मापांच्या फ्रेममध्ये मिळते. आणि लाख-दोन लाखांची मोटारसायकल मात्र एकाच मापात येते. पाच फूट दोन इंचाचा असो की सहा फुटी, सगळ्यांना तीच. म्हणजे गाडी आपल्या मापाची करून मिळणार नाही, आपल्या मापाची शोधावी लागणार. आणि त्यासाठी आधी आपलं माप माहीत हवं.

हे सगळं मी इतक्या गंभीरपणे का घेतलं, तर त्याला एक कारण आहे. माझा एक कलीग, उंची साधारण माझ्याइतकीच, म्हणजे पाच-पाच. त्याने मोठ्या हौसेने उंच अ‍ॅडव्हेंचर टाइपची गाडी घेतली. चालवतो उत्तम. एका रविवारी बायकोला मागे बसवून निघाला, सिग्नलला थांबला. रस्ता उजवीकडे जरासा उतरता होता. उजवा पाय खाली टाकला, तर जमीन होती त्याच्या अंदाजापेक्षा दोन इंच खाली. संपलं. गाडी आडवी, दोघंही रस्त्यावर. त्याला खरचटलं सुद्धा नाही, पण बायकोचं मनगट फ्रॅक्चर. त्या वेळी वेग किती होता? शून्य.

माझ्या मते बाईकची खरी परीक्षा शून्य वेगालाच होते. पळताना सगळ्याच गाड्या हलक्या आणि गुणी असतात. सिग्नलला, यू-टर्नला, सोसायटीच्या पार्किंगमधून मागे ढकलताना, बेसमेंटच्या रॅम्पवर पुढचा थांबला म्हणून थांबावं लागतं तेव्हा, गाडीचं सगळं वजन तुमच्या पायावर येतं. कर्वेनगर ते हिंजवडी या माझ्या रोजच्या प्रवासात मी पळतो कमी आणि थांबतो जास्त.

तर माप कसं घ्यायचं? उंची पुरेशी नाही, पायांची आतली लांबी हवी. एकाच उंचीच्या दोन माणसांत त्यात सहज दोन इंचांचा फरक असतो. अनवाणी, भिंतीला पाठ लावून उभं राहायचं, दोन पायांच्या मध्ये एक जाडजूड पुस्तक वरपर्यंत घट्ट धरायचं आणि पुस्तकाच्या वरच्या कडेपासून जमिनीपर्यंत टेप लावायची. (माझ्या जावा सर्टिफिकेशनच्या पुस्तकाचा एवढ्या वर्षांत पहिल्यांदाच उपयोग झाला.) माझं माप आलं 75 सेंटीमीटर, म्हणजे 750 मिलिमीटर. बुटाच्या तळाचे पंचवीसेक मिळवा, 775.

आता कंपन्या सीटची उंची मिलिमीटरमध्येच देतात. माझ्या शीटमध्ये नवीन कॉलम आला. स्प्लेंडर 785. एफझेड-एस आणि हंटर 350, दोन्ही 790. हायनेस 800, क्लासिक 350 ची 805. नवीन हिमालयन 450 ची 825. उलट्या टोकाला क्रूझर - मीटिअर 765.

आकडा बघून लगेच घाबरायचं नाही आणि खूषही व्हायचं नाही. हे माप बहुतेक वेळा गाडीवर कोणी बसलेलं नसताना घेतलेलं असतं. आपण बसलो की शॉकअप दबतात आणि सीट दोनेक सेंटीमीटर खाली येते. हा झाला फायदा. तोटा असा की सीट रुंद असेल तर मांड्या फाकतात आणि पाय सरळ खाली न जाता तिरके जातात. म्हणून 800 ची अरुंद सीट 785 च्या रुंद सीटपेक्षा सोपी वाटू शकते. तेव्हा कागदावर यादी छाटायची आणि निकाल मात्र बसून लावायचा, रोजचे बूट घालून. दोन्ही पायांचे चवडे नीट टेकले तर उत्तम. दोन्ही टाचाही टेकायलाच हव्यात असं काही नाही. पण नुसती बोटं टेकत असतील आणि एक पाय पूर्ण टेकवायला सीटवरून घसरावं लागत असेल, तर रोजच्या गर्दीसाठी ती गाडी आपली नाही.

"अरे, सीटचा फोम कापून घे, नाहीतर लोअरिंग लिंक टाक" हा सल्लाही मिळाला. फोम कापला की उंचीबरोबर गादीही जाते, मग खड्डे थेट मणक्याला. लिंक बदलली की गाडी खाली बसते, पण स्पीडब्रेकरला पोट घासायला लागतं, साईड स्टँड लांब पडतो आणि गाडीचं वळणंही बदलतं. कंपनीचीच कमी उंचीची सीट मिळत असेल तर गोष्ट वेगळी.

उंचीचा सख्खा भाऊ म्हणजे वजन. स्प्लेंडर 112 किलो, एफझेड-एस 136, हंटर 181, क्लासिक 195. सरळ उभी असेपर्यंत 195 किलो काही वाटत नाहीत, पण गाडी थोडी कलली की प्रत्येक किलो जाणवतो. पाय चांगले टेकत असतील तर जड गाडी झेपते. पाय कमी टेकतात आणि गाडी हलकी आहे, तरी जमतं. दोन्ही गोष्टी विरुद्ध गेल्या की माझ्या कलीगचा रविवार होतो.

मग प्रश्न आरामाचा. सीट, हँडल आणि फूटरेस्ट हे तीन बिंदू जोडा, त्या त्रिकोणात तुमचं शरीर बसतं. हँडल खाली आणि फूटरेस्ट मागे, की झाली स्पोर्ट्स बाईक: वेगात मस्त, ट्रॅफिकमध्ये सगळा भार मनगटांवर. फूटरेस्ट पुढे, की क्रूझर: ऐसपैस वाटतं, पण खड्डा आला की पायांवर भार घेऊन बूड उचलता येत नाही, दणका सरळ माकडहाडाला. आपल्या रस्त्यांवर रोजच्या चाळीस किलोमीटरना मधला प्रकार बरा. पाठ जवळपास सरळ, कोपर किंचित वाकलेलं, पाय गुडघ्याखाली.

उंच मंडळींनो, तुम्ही सुटलात असं समजू नका. माझा सहा-एकचा मित्र शंभर सीसीच्या गाडीवर बसला की सर्कशीतलं अस्वल सायकलवर बसल्यासारखा दिसतो. त्याला जमीन भरपूर मिळते, पण सीट ते फूटरेस्ट अंतर कमी पडतं. गुडघे इतके दुमडतात की अर्ध्या तासात दुखायला लागतात आणि पूर्ण वळणावर हँडल गुडघ्याला लागतं. मी ज्या उंच गाडीवर लटकतो, तीच त्याला घरच्या खुर्चीसारखी. त्याने माझा सल्ला घेऊ नये, मी त्याचा.

आणि शोरूममधल्या मऊ सीटला भुलू नका. पाच मिनिटं बसायला ती सोफ्यासारखी वाटते, तासाभराने दबून फळी होते. जरा कडक, रुंद सीट लांबच्या प्रवासाला बरी. दोन किलोमीटरच्या टेस्ट राइडमध्ये हे कळत नाही. ओळखीत कोणाकडे ती गाडी असेल तर एक रविवार मागून घ्या, पानशेतपर्यंत जाऊन या. आणि मागे बसणाऱ्याला बरोबर घेऊन जा! आमच्याकडे बायकोने प्रत्येक गाडीच्या मागच्या सीटवर बसून, एका वाक्यात निकाल दिला. "उतार आहे, मी पुढे घसरते." "पायाला जागाच नाही." "धरायला काय आहे?" माझ्या शीटमध्ये यातला एकही कॉलम नव्हता.

राहता राहिलं बजेट. अंथरूण पाहून पाय पसरावेत म्हणतात; इथे पायही मोजायचे आणि अंथरूणही. एक्स-शोरूम किंमत म्हणजे लग्नपत्रिकेतला फोटो. त्यात रोड टॅक्स, रजिस्ट्रेशन, विमा आला की खरा आकडा दिसतो. सप्टेंबर 2018 पासून नव्या दुचाकीला पाच वर्षांचा थर्ड पार्टी विमा एकदम घ्यावा लागतो, तेही यातच. सप्टेंबर 2025 मध्ये 350 सीसीपर्यंतच्या गाड्यांचा जीएसटी 28 वरून 18 टक्के झाला आणि त्यावरच्यांचा 40. म्हणजे सीसीचा मोह 350 ला आवरला तर सरकारही थोडं आपल्या बाजूने आहे. ऑन-रोड किंमत विचारा, लेखी मागा, आणि "हँडलिंग"सारखा शब्द दिसला तर अर्थ विचारा.

पेट्रोलचा हिशेब असा. रोज 40 किलोमीटर, महिन्याचे 22 दिवस, म्हणजे 880 किलोमीटर. लिटरला 60 देणारी गाडी पंधराच्या आत भागवते, 35 देणारीला पंचवीस लिटर. फरक साडेदहा लिटर. हिशेबाला सोपं म्हणून लिटरला शंभरच रुपये धरले तरी महिन्याला हजारावर, पाच वर्षांत 63 हजार. त्यात कर्ज असेल तर तेही. दीड लाख, तीन वर्षं, दहा टक्के, हप्ता 4,840 आणि व्याज चोवीस हजारांच्या वर. आणि हेल्मेटचे पैसे आधी बाजूला काढा. "उरले तर बघू" म्हटलं की उरत नाहीत.

हे सगळं झाल्यावर मी काय घेतलं? कॉलेजपासून डोळ्यासमोर लेहचा रस्ता आणि उंच, दणकट गाडी होती. शोरूममध्ये तिच्यावर बसलोही. पायांची बोटं टेकली. खोटं कशाला बोलू, तेवढ्यानेही छाती फुगली. पण मला मनगट आठवत होतं, माझं नव्हे, मागे बसणाऱ्याचं. लेहला आयुष्यात एकदा जाईन, तेव्हा भाड्याने घेईन. चांदणी चौकातून मात्र दिवसातून दोनदा जायचं आहे. एफझेड-एस बुक केली. 790, 136 किलो, दोन्ही चवडे जमिनीवर, आणि मागच्या सीटवरून आलेला शेरा - "ही चालेल."

कॅन्टीनमध्ये सांगितलं तर साडेतीनशेवाला म्हणाला, "एवढे पैसे होते, आणि हे घेतलंस?" मी त्याला विचारलं, "तुझे पाय टेकतात का रे?" तो म्हणाला, "एक टेकतो."

असो. मंडळी, या वीकेंडला टेप काढा, एक जाडजूड पुस्तक शोधा आणि माप घ्या. शोरूम सोमवारीही उघडं असतं.