पॅन कुठे थांबतो

माहितीपटांच्या संकलनात युद्धोत्तर शहरांचं फुटेज अनेकदा भरणीसारखं वापरलं जातं. "दोन-चार पडक्या इमारती टाक, वरून निवेदन जाईल," असं सांगितलं जातं. फुटेज लष्कराचं, त्यामुळे ते कुणाच्याच मालकीचं नाही आणि कसंही कापायला मोकळं, असा सगळ्यांचा समज असतो. कापणं हाच माझा व्यवसाय, त्यामुळे हा समज मला सोयीचाच होता. पण एकच शॉट पुन्हा पुन्हा मागे-पुढे नेऊन पाहिला की त्यामागचा हात जाणवू लागतो आणि मग तो हात कुणाचा, हे शोधल्याशिवाय राहवत नाही.

शोध सुरू होतो कागदांपासून. लष्करी कॅमेरामनचं नाव पडद्यावर येत नाही, पण कागदावर बऱ्याचदा राहतं. ब्रिटिश लष्कराच्या फिल्म युनिटमधले सार्जंट रिळांबरोबर डोप शीट पाठवत. जागा, तारीख, शॉटमध्ये काय आहे आणि टिपणाऱ्याचं नाव असं सगळं तिच्यात असे. लंडनच्या इम्पीरियल वॉर म्युझियमनं रिळांसोबत हे कागदही सांभाळले आहेत. कागद नसला की फिल्मकडेच वळायचं. अमेरिकन कॅमेरामनच्या हातात बहुधा ३५ मिलिमीटरचा आयमो कॅमेरा असे, चावीवर चालणारा. त्याचं रीळ १०० फुटांचं, म्हणजे पडद्यावर जेमतेम ६६ सेकंद. एवढ्या टंचाईत माणूस कशावर फूट खर्च करतो आणि कुठे हात आखडता घेतो, यावरून त्याची ओळख पटू लागते.

हिरोशिमा-नागासाकीच्या रंगीत फुटेजनं मला असंच खेचून नेलं. अमेरिकेच्या नॅशनल आर्काइव्हजमध्ये त्यावर हवाई दलाचा क्रमांक आहे आणि वाहिन्यांवर ते 'अमेरिकन लष्करी फुटेज' म्हणूनच झळकतं. १९४६ मध्ये अमेरिकेच्या स्ट्रॅटेजिक बॉम्बिंग सर्व्हेसाठी एक तुकडी जपानमध्ये फिरत होती. बॉम्बचा परिणाम नोंदवणं हे तिचं काम. लेफ्टनंट डॅनियल मॅकगव्हर्न प्रमुख, हर्बर्ट ससन त्याचा सहकारी. पण तुकडीच्या कॅमेऱ्यामागे एक जपानी छायालेखकही होता : अकिरा मिमुरा, अमेरिकनांचा हॅरी.

मिमुरा कॅमेऱ्याचं काम हॉलिवूडमध्ये शिकला आणि तिसाच्या दशकात मायदेशी परतला. सादाओ यामानाकाचा १९३७ चा 'ह्युमॅनिटी अँड पेपर बलून्स' त्यानंच टिपला. एदो काळातली गरीब वस्ती, अरुंद गल्ली, पावसानं निथळणारी छपरं. चित्रपट पुरा होतो तोच यामानाकाला लष्कराचं बोलावणं आलं आणि १९३८ मध्ये चीनमध्ये तो आजारानं गेला. १९४३ मध्ये कुरोसावाच्या पहिल्या चित्रपटाचं, 'सांशिरो सुगाता'चं छायालेखनही मिमुराचं. तेव्हा जपान अमेरिकेशी लढत होता. तीन वर्षांनी तोच माणूस अमेरिकन तुकडीसोबत आपल्याच देशाची राख रंगात टिपत होता.

हे कळल्यावर तीच दृश्यं मला वेगळी दिसू लागली. सर्व्हेला हवे होते पुरावे : काँक्रीट कुठे तडकलं, पोलादी सांगाडा कोणत्या बाजूला कलला. तसे शॉट भरपूर आहेत आणि ते चोख आहेत. पण उंचावरून घेतलेल्या एका पॅनमध्ये कॅमेरा सपाट झालेल्या वस्तीवरून सावकाश सरकतो. मोजण्यासारखं सगळं मागे पडतं, तरी तो थांबत नाही. पुढे रस्ता येतो, रस्त्यावर चालणारी माणसं येतात आणि मग पॅन थांबतो. अभियंत्याला या शेवटच्या काही सेकंदांचा काही उपयोग नव्हता. ज्यानं आयुष्यभर गल्लीतली माणसं टिपली, त्यालाच हा शेवट सुचावा असं वाटतं. मात्र वाटणं आणि नोंद यांत मी गल्लत करत नाही. तुकडीत इतरही हात होते. कागद आणि पडदा दोन्ही एकच सांगतात तेव्हाच मी एका माणसाचं नाव घालते, एरवी तुकडीचं.

हे रंगीत फुटेज ज्या फिल्मवर टिपलं, त्या कोडाक्रोमनं काय घडवलं, तेही विसरून चालत नाही. ती फिल्म फारच मंद, तिला प्रकाश अफाट लागे. उन्हात भागून जाई, पण इस्पितळात जखमींवर प्रखर दिवे रोखावे लागत. ओमुराच्या इस्पितळात पालथा पडलेला सुमितेरु तानिगुची, १६ वर्षांचा असताना नागासाकीत टपाल वाटताना भाजलेला. त्याच्या पाठीचा तो लाल रंग अशा दिव्यांमुळेच फिल्मवर उतरला. कृष्णधवल फिल्मवर ती पाठ केवळ काळपट दिसली असती.

हे फुटेज अनेक वर्षं गोपनीय होतं. लोकांनी ते पाहावं म्हणून ससननं खटपट केली, पण व्यर्थ. अखेर १९८० च्या सुमारास जपानमधल्या सामान्य लोकांनी दहा-दहा फुटांसाठी वर्गणी काढून अमेरिकेकडून प्रती विकत घेतल्या. त्यातून सुसुमु हानीचा 'प्रोफेसी' उभा राहिला. लष्कराला जे दाबून ठेवण्याजोगं वाटलं, ते लोकांनी फुटाच्या भावानं सोडवून आणलं.

छायालेखकाचं नाव श्रेयनामावलीत घातलं तेव्हा "कोण वाचतंय?" असं मला एका निर्मात्यानं विचारलं होतं. नाव पुढे उडालंही. प्रेक्षक ते वाचो न वाचो, माझ्या कामावर त्याचा परिणाम होतोच. पूर्वी असा पॅन मी निवेदनाच्या मापानं कापायचे : वाक्य संपलं की कट. ज्यानं तो पॅन फिरवला त्याला तो कुठे थांबवायचा हे ठाऊक होतं, हे कळल्यापासून मी निवेदन छाटते. चार शब्द कमी पडले तरी चालतात, पण रस्त्यावरची माणसं येईपर्यंत शॉट तोडायचा नाही.